दुहेरी ठोका

एकाच बाईची नाडी वर्षभरात चार वेगवेगळ्या बायकांसारखी चालू शकत नाही, एवढं केतकी शेलारला पक्कं माहीत होतं. पण समोरच्या पडद्यावर तसंच दिसत होतं. सोनघळ गावच्या उज्ज्वला जाधव यांच्या नावावर नोंदलेली बांगडी. सुरुवातीला नाडीची लाट उंच आणि टोकदार. काही आठवड्यांनी तिचा माथा गोलसर. मग अचानक ठेंगणी, घाईची. आणि आता पुन्हा निराळीच.

"सर, या बाईंना मागच्या वर्षी एक बाळ झालं," ती म्हणाली. "बांगडीचं ऐकायचं तर त्यानंतर आणखी दोन झाली आणि आता चौथं वाटेवर आहे."

डॉ. होनरावांनी चहाच्या कपातून मान वर काढली. "मग सत्कार करायला हवा."

पुण्याच्या या संशोधन केंद्रात टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा अभ्यास चालायचा. होनराव मूळचे स्त्रीरोगतज्ज्ञ. अर्धं आयुष्य बाळंतपणं करण्यात गेलं. जी माणसं वाचायला हवी होती आणि वाचली नाहीत, ती त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाहीत. म्हणून शेवटी दवाखाना सोडून ते इथे आले. केतकी भौतिकशास्त्रातली. लाट पाण्याची असो, आवाजाची असो की नाडीची, तिला तिचा आकार वाचता यायचा. त्याच कामासाठी तिला घेतलं होतं.

बांगडीमागचं विज्ञान तसं सरळ होतं. बाळंतपणानंतर काही बायकांना फार रक्तस्राव होतो. अवघड असं की तरुण, धडधाकट शरीर तो लपवतं. रक्त कमी झालं की शरीर हातापायांतल्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि उरलेलं रक्त हृदयाकडे, मेंदूकडे वळवतं. त्यामुळे बराच वेळ रक्तदाब ठीक, नाडी ठीक, बाई हसून बोलतेय. आणि मग शरीराची ही ओढाताण संपते तेव्हा सगळं एकदम कोसळतं. तोवर उशीर झालेला असतो.

पण आवळलेल्या रक्तवाहिन्या एक खूण सोडतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटात एक मोठी लाट येते आणि तिच्या पाठोपाठ एक लहान लाट, शरीराच्या टोकाकडून परतलेल्या प्रतिध्वनीसारखी. रक्त कमी होऊ लागलं की ही लहान लाट सगळ्यात आधी बदलते, रक्तदाब हलायच्या कितीतरी आधी. मात्र ही लाट प्रत्येकीची वेगळी, चालण्याची ढब वेगळी असते तशी. म्हणून बांगडी गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत हातात घालायची. ती आपल्या मालकिणीची लाट शिकायची. शिकत असताना तिच्यातला बारीक दिवा पिवळा, शिकून झालं की हिरवा. मग लाट बिघडली की बांगडी थरथरायची, दवाखान्यात घंटा वाजायची आणि जवळच्या केंद्रातून रक्ताच्या पिशव्या घेऊन एक छोटं विमान, ज्याला सगळे ड्रोनच म्हणायचे, डोंगर ओलांडून निघायचं.

बांगडीनं बाया वाचत होत्या. फक्त काही बांगड्या अशा विचित्र वागत होत्या. त्या एकीऐवजी अनेक जणींच्या लाटा मिसळून शिकल्या होत्या. तीन बायकांच्या मापांची सरासरी काढून पोलकं शिवलं तर ते कुणालाच बसणार नाही. तसंच हे. असली बांगडी कशालाच बिघाड मानायची नाही आणि गरजेच्या वेळी गप्प बसायची.

"बाया एकमेकींना देताहेत, दुसरं काय," होनराव म्हणाले. "आपण दर बाईला नवी, फुकट देतो, तरी. तुझं कुलूप तयार आहे ना?"

कुलूप म्हणजे नवी आज्ञावली. केतकीनंच लिहिली होती. सोमवारी सकाळी ती सगळ्या बांगड्यांमध्ये पोचणार होती. त्यानंतर नोंदलेली मालकीण सोडून दुसऱ्या कुणाच्या हातात गेली की बांगडी बंद पडणार होती.

"तयार आहे," केतकी म्हणाली. "पण एक कळत नाही. काढली तर बांगडीला कळतं. कातडीचा स्पर्श गेला, आत उजेड शिरला की ती आधीचं सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून शिकते. तशी सोय आपणच ठेवलीय. मग या विसरत का नाहीत?"

"खराब असतील."

"खराब असत्या तर सगळ्या जिल्ह्यांत सारख्या सापडल्या असत्या. या चारच तालुक्यांत आहेत. आणि प्रत्येकीत लाट बदलायच्या आधी काही क्षण ही गंमत दिसते." तिनं चित्र मोठं केलं. एकाच रेषेत दोन नाड्या एकमेकींत गुंतलेल्या. "मी याला दुहेरी ठोका म्हणते."

"मी याला गोंधळ म्हणतो," होनराव म्हणाले. "म्हणून तर तू त्या बांगड्या अभ्यासातून वगळल्यास."

ते खरं होतं. त्या बांगड्यांवर 'दूषित' असा शिक्का मारून तिनं त्या बाजूला काढल्या होत्या. घरी निघण्याआधी मात्र तिनं एक गोष्ट केली. दूषित बांगड्या वापरलेल्या बायकांचं पुढे काय झालं, ते मोजलं. बांगड्या आंधळ्या होत्या, तेव्हा तिथे मृत्यू जास्त असायला हवे होते. निघाला एकही नाही. उलट त्या बायका इतरांपेक्षा लवकर दवाखान्यात पोचल्या होत्या.

तिनं पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

*

सोनघळ हे गाव केतकीला नवं नव्हतं. तिच्या भावाची, संग्रामची, सासुरवाडी. सारिका वहिनी पहिल्या बाळंतपणाला सध्या तिथेच माहेरी होती. केतकीनं तिला व्हिडिओ फोन लावला.

"बोला वन्सं," सारिका म्हणाली. हा शब्द ती फक्त चिडवायला वापरायची. "आज कशी आठवण?"

"वहिनी, तुमच्या गावात उज्ज्वला जाधव कोण?"

"वरच्या आळीची. का? बिचारीला मागल्या वर्षी फार रक्त गेलेलं. बांगडीनं वाचली." सारिकानं केस मागे सारायला हात वर नेला आणि केतकीला तिच्या मनगटावरची बांगडी दिसली. कडेला लाल दोरा बांधलेला. नव्या बांगडीला असतो तसा चकाकीचा लवलेशही नाही. दिवा हिरवागार.

"तुझ्या हातातल्या बांगडीचा नंबर वाच बरं."

सारिकानं वाचला. तो उज्ज्वला जाधव यांच्या बांगडीचाच होता.

"आणि तुझी स्वतःची, मी आणून दिलेली?"

"रव्याच्या डब्यात आहे," सारिका अपराधी आवाजात म्हणाली. "चिडू नकोस. ती कोरी आहे गं. ही गुणाची आहे. उज्ज्वलाला वाचवलं, मग पूनमचं सुखरूप झालं, मग अश्विनीचं. अश्विनीनं गेल्या आठवड्यात मला घातली. आई म्हणाली, कोऱ्या बांगडीचा काय भरवसा."

दिवस भरत आले होते. डब्यातली बांगडी सारिकाला ओळखत नव्हती आणि आता शिकायला पुरेसा वेळही उरला नव्हता. हातातली बांगडी चार जणींना थोडी थोडी ओळखत होती, म्हणजे कुणालाच नाही. आणि सोमवारी सकाळी केतकीनंच लिहिलेलं कुलूप तीही बंद पाडणार होतं.

"मी उद्या येतेय," केतकी म्हणाली.

"ये की. तुझ्या दादांना म्हणावं, बातमीची वाट बघा आणि पेढ्यांचं बघून ठेवा."

*

एस.टी. तालुक्यापर्यंत आणि पुढे वडापची, म्हणजे माणसागणिक भाडं घेणारी जीप. पठारावर पवनचक्क्या संथ फिरत होत्या. नाचणीची खाचरं मोकळी पडली होती. शनिवारच्या उन्हात सारिकाच्या माहेरी अंगणात पापड वाळत होते.

इंदूमावशी, सारिकाची आई, लगबगीनं बाहेर आल्या. केतकी वयानं लेकीएवढी, पण मुलाकडची. त्यामुळे "या ताई, बसा ताई, सतरंजी टाक गं" असं सुरू झालं. केतकीला दर वेळी अवघडायला व्हायचं.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, मला एक सांगा. बांगडी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देताना नेमकं काय करता?"

"काय करणार? वटी भरतो नि घालतो."

"म्हणजे आधी एकीच्या हातातून काढता, मग..."

"काढतो?" मावशींनी कपाळावर आठी घातली. "भरल्या हातातली बांगडी अशी काढून खाली ठेवतात व्हय? रिकामी ठेवायची नसती ती. अश्विनी, इकडं ये गं जरा. ताईंना दाव."

अश्विनी शेजारच्याच घरातली. कडेवर सहा-सात महिन्यांचं मूल घेऊन ती कठड्याशी उभीच होती, कारण पुण्याहून कोण आलंय ते बघायचं होतं. मूल मावशींच्या हातात देऊन ती केतकीसमोर बसली. स्वतःच्या हातातली एक साधी प्लास्टिकची बांगडी तिनं पंज्यापर्यंत सरकवली. मग केतकीची बोटं जुळवून आपल्या बोटांत घट्ट धरली, दोघींचे पंजे एकमेकांत शिरतील असे. आणि दुसऱ्या हातानं बांगडी हळूहळू लोटत आपल्या हातावरून केतकीच्या हातावर नेली. मधे एक क्षणही ती हवेत नव्हती. थोडा वेळ ती दोघींच्या बोटांभोवती एकदमच होती.

केतकी आपल्या हाताकडे बघत राहिली.

कळलं ते इतकं साधं होतं की तिला हसू आलं. बांगडी बनवणारे धरून चालले होते की वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मधे रिकामी होते. पुण्यात बसून कुणालाही तसंच वाटलं असतं. इथे ती रिकामी होतच नव्हती. कातडीचा स्पर्श सुटत नव्हता, उजेड शिरत नव्हता. बांगडीच्या दृष्टीनं बाई तीच होती, फक्त काही क्षण तिला दोन हृदयं आली होती.

"दुहेरी ठोका," ती पुटपुटली.

"काय म्हणता?"

"काही नाही. आणि अश्विनी, बांगडी दिल्यावर तुझं काम संपलं?"

"संपतंय कसलं," अश्विनी म्हणाली. "दिली म्हंजी बाळंतपणाला हजर राह्यचं. तिचं बारसं होईस्तवर मी बांधलेली. आमच्या ह्यांची जीप चार दिस झालं भाड्यानं जात न्हाई, दारात हुभी हाय. रोज टोमणे ऐकतीया मी."

केतकीच्या मनात कालचा आकडा उलगडत गेला. बाळंतपणातले मृत्यू तीन उशिरांनी होतात, हे होनराव नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवायचे. निघायचं ठरवायला झालेला उशीर, पोचायला झालेला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. बांगडी तिसऱ्या उशिरासाठी होती. पहिल्या दोन उशिरांवर इथल्या बायकांनी कुणाला न सांगता इलाज करून टाकला होता. बांगडीबरोबर एक माणूस आणि एक जीप यायची.

आणि हे सगळं तिनं 'दूषित' म्हणून वगळलं होतं.

*

होनरावांना तिनं अंगणाच्या कोपऱ्यातून फोन लावला. तिथेच काय ती रेंज यायची.

"कुलूप थांबवायचं?" ते म्हणाले. "केतकी, नऊ महिने झगडून परवानगी मिळवली आपण. आणि ती तुझ्या भावाची बायको आहे म्हणून..."

"आहेच ना सर. म्हणूनच मला रव्याचा डबा दिसला. नाहीतर मी अजून पुण्यात बसून उज्ज्वलाबाईंची बाळं मोजत असते."

पलीकडून नाकातून सोडल्यासारखं हसू आलं. "पुढे बोल."

"कुलूप लावलं तर काय होईल सांगते. बाया बांगडी देणं थांबवतील. मग हजर राहायची अटही जाईल. सर, त्या आंधळ्या बांगड्यांनी कुणाला वाचवलं नाही. त्या देणाऱ्या बायकांनी वाचवलं. आपण यंत्र दुरुस्त करू आणि माणूस घालवून बसू."

"बरं. मग यंत्राचं काय करायचं? ते आंधळं आहे हे तूच म्हणतेस."

"दुहेरी ठोका दिसला की आधीचं विसरायचं, एवढी एक ओळ घालायची. त्या ठोक्यानंतरची लाट सारिकाची एकटीची आहे. आठवड्याभराची आहे साठवलेली. त्यावरून शिकवते तिला."

"आठवडा कमी आहे."

"कमी आहे," केतकीनं मान्य केलं. "पण काहीच नसण्यापेक्षा बरा."

होनरावांनी कुलूप आठ दिवसांसाठी थांबवलं. "आठच दिवस," त्यांनी बजावलं. "आणि तू जे करशील ते लिहून पाठव. चुकलं तरी."

केतकीनं ओसरीवर लॅपटॉप उघडला. सारिका भिंतीला टेकून पेरू खात, मीठ-मिरची चाटत बघत बसली. काम फार मोठं नव्हतं. ऊन कलायच्या आत बांगडीनं तीन परक्या बायका विसरून टाकल्या आणि उरलेल्या एकीकडे नव्यानं बघायला सुरुवात केली.

तिचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला.

इंदूमावशी दिवा बघून जागच्या जागी थांबल्या. "हिरवी होती की ती."

"मावशी, तो हिरवा खोटा होता. आता ती सारिकाला शिकतेय. पिवळा म्हणजे..."

"ताई, तुम्ही शिकलेल्या. मी काय बोलणार." मावशींचा आवाज अगदी हळू झाला होता. "पोरीच्या भरल्या हातातली हिरवी होती, ती पिवळी झाली. उद्या काय इपरीत झालं तर तुमच्या घरचे मला इचारतील, तुमी काय केलं. मी कुणाला इचारू?"

नणंद म्हणून ती इथे काहीही करू शकत होती, आणि कुणी तिला नाही म्हणणार नव्हतं. तेच तिला सगळ्यात जड वाटलं.

"मला विचारा," ती म्हणाली. "मी इथंच आहे. होईपर्यंत जात नाही."

"बघा," सारिका पेरूची बी थुंकत म्हणाली, "आता दोघी हजर. मला पळून जायलाही वाव नाही."

*

रविवारी सकाळी न्याहारीच्या वेळी सारिकाला कळा सुरू झाल्या. कुणी कुणाला विचारलं नाही, थांबून बघू म्हटलं नाही. अश्विनीनं मूल सासूकडे दिलं, तिच्या नवऱ्यानं जीप काढली आणि चहाची भांडी तशीच टाकून सगळ्या तालुक्याच्या रुग्णालयात पोचल्या. तिथल्या डॉ. मुल्ला केतकीपेक्षा चारपाच वर्षांनीच मोठ्या. हसतमुख, पण कामात चटपटीत. दुपारी मुलगी झाली. व्यवस्थित रडली. इंदूमावशींनी दोन्ही हातांनी तिच्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. केतकीनं संग्रामला फोन केला. त्यानं बाळाचं वजन दोनदा विचारलं.

"अरे, सांगितलं की."

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

सगळं छान होतं. सारिका थकलेली, पण तिला भूक लागली होती. "पेढे कुठायत? आठ दिवसांपासून सांगतेय मी." परिचारिकेनं रक्तदाब पाहिला, ठीक होता. नाडी किंचित जलद, ती बाळंतपणानंतर असतेच.

तेवढ्यात बांगडी थरथरली.

एकदा. मग पुन्हा. पिवळा दिवा लाल झाला.

परिचारिकेनं परत रक्तदाब घेतला. "ठीक आहे की. बांगडीच बिघडलेली दिसतीय. अजून पिवळीच होती ना ही, शिकून कुठं झालेली?"

केतकीनं फोनवर लाट पाहिली. मागची लहान लाट खरोखरच खचत चालली होती. की तसं तिला वाटत होतं? बांगडीकडे आठवड्याचंच शिकणं होतं आणि त्यावर तिनं ओसरीवर बसून लिहिलेली आज्ञा. कळांच्या ताणानंही लाट बदलू शकते. पुरावा किती पुरेसा, हे ठरवायला प्रयोगशाळेत तिनं दोन दिवस घेतले असते. पुन्हा मोजलं असतं. तिचं बोट पडद्यावर तसंच थांबलं.

अश्विनी थांबली नाही. तिला लाट कळत नव्हती आणि ती बघतही नव्हती. बांगडी लाल झाली तशी ती उठली, दार ढकलून बाहेर गेली आणि शेजारच्या खोलीत पेशंट तपासत बसलेल्या डॉ. मुल्लांचं मनगट धरून म्हणाली, "म्याडम, चला."

"अगं, आले पाच मिनिटांत..."

"आत्ता चला. ही बांगडी मी घातलीया तिला."

डॉ. मुल्ला आल्या त्या कपाळाला आठ्या घालून. केतकीकडे बघून म्हणाल्या, "तुमचं यंत्र. खात्री आहे?"

"पूर्ण नाही," केतकी म्हणाली. "पण लाट खचतेय. तुमच्या जागी मी असते तर वाट पाहिली नसती."

हे बोलताना तिला कळलं की ती आताच वाट पाहत होती.

डॉ. मुल्लांनी सारिकाच्या पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. गर्भाशय आवळून दगडासारखं घट्ट व्हायला हवं होतं, ते मऊ होतं. रक्त बाहेर फारसं येत नव्हतं. आतच साठत होतं. मग सगळं भराभर झालं. त्यांनी गर्भाशय चोळायला घेतलं, एक इंजेक्शन, मग दुसरं. परिचारिका आता बांगडीला काही म्हणत नव्हती, सलाइन लावत होती. दवाखान्याची घंटा आधीच वाजली होती. इंदूमावशी बाळाला छातीशी धरून भिंतीला लागून उभ्या होत्या. अश्विनीनं सारिकाचा दुसरा हात पकडला होता.

"अश्विनी," सारिका म्हणाली. तिचा आवाज पातळ झाला होता. "गार वाटतंय."

"वाटंल. मी हाय. माझ्याकडं बघ. पेढं आणायला धाडलंय जीपवाल्याला, तवर झोपायचं न्हाई."

केतकी खिडकीशी गेली, कारण तिथे तिचा कुणाला अडथळा होत नव्हता. पठारावरून पवनचक्क्यांच्या रांगेला वळसा घालून एक ठिपका खाली येत होता. तो मोठा झाला, घरघरू लागला आणि रुग्णालयाच्या गच्चीवर उतरला.

पहिली पिशवी संपायच्या आत बांगडीची थरथर थांबली. रक्तदाब मधेच एकदा घसरला होता, पण तेव्हा त्याची तयारी झालेली होती. गर्भाशय हळूहळू आवळलं. डॉ. मुल्लांनी हातमोजे काढले आणि तिथल्याच स्टुलावर बसल्या.

"रक्तदाबाची वाट बघत बसलो असतो, तर..." त्या कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या, आणि वाक्य सोडून दिलं.

इंदूमावशी केतकीजवळ आल्या. बाळ तिच्या हातात दिलं आणि तिच्या खांद्यावरून हात फिरवला. मग पहिल्यांदाच ताई न म्हणता म्हणाल्या, "धर नीट, आत्याबाई."

*

होनराव बारशाला स्वतः आले. मुलीचं नाव ओवी ठेवलं. घुगऱ्या खात त्यांनी केतकीला बातमी दिली. कुलूप रद्द. दुहेरी ठोक्याची ओळ आता सगळ्या बांगड्यांत जाणार होती. आणि दूषित बांगड्यांचा तो गट अभ्यासात परत आला होता, 'हातोहात' या नावानं.

"वर विचारतायत की इतर तालुक्यांत काय करायचं," ते म्हणाले. "मी सांगितलं, नवी बांगडी दवाखान्यानं द्यायचीच नाही. गावात जी आधी बाळंत झालीय तिनं द्यायची, आणि हजर राहायचं. आता सरकारी भाषेत ओटी कशी लिहायची, यावर दोन बैठका झाल्यात."

"काय लिहिलं?"

"अजून लिहितायत."

आत बायकांचा गलका वाढला. सारिका पाटावर बसली होती, चेहऱ्यावर थोडा फिकेपणा उरला होता, पण डोळे नेहमीसारखे खोडकर. समोर खालच्या वाडीची रेश्मा, पुढच्या महिन्यात दिवस भरणारी. तिच्या ओटीत तांदूळ आणि नारळ. सारिकानं तिची बोटं आपल्या बोटांत घट्ट धरली आणि लाल दोऱ्याची बांगडी लोटायला सुरुवात केली. केतकीच्या फोनवर एका रेषेत दोन नाड्या एकमेकींत शिरल्या. एक टोकदार, एक गोलसर. थोडा वेळ त्या कुणाच्या आहेत हे सांगता आलं नसतं. मग टोकदार नाडी हळूच निघून गेली. दिवा पिवळा झाला.

बायका दिव्याकडे बघून हसल्या. "लागली शिकायला," इंदूमावशी म्हणाल्या.

संग्राम दारात उभा होता. बायकोला आणि लेकीला घरी न्यायला त्यानं रजा काढली होती, गाडीत पाळणा बांधून आणला होता. केतकीनं त्याला बाजूला घेतलं.

"दादा, गाडी रिकामी जाईल असं दिसतंय."

"म्हणजे?"

"वहिनीनं बांगडी दिलीय. रेश्माचं बारसं होईपर्यंत तिला इथं राहावं लागणार."

संग्रामनं गाडीतल्या पाळण्याकडे पाहिलं. "अगं, अजून महिना-दीड महिना? आई पाट मांडून बसलीय घरी. कुणी काढला हा नियम?"

"इथल्या बायकांनी," केतकी म्हणाली. "आणि माझ्यामुळे आता आमच्या केंद्रानंही तो उचलून धरलाय."

संग्रामनं आत पाहिलं. सारिका रेश्माला हातवारे करून काहीतरी सांगत होती, बहुधा पेढ्यांविषयी. ओवी आजीच्या मांडीवर झोपली होती. त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली, थोडी फिरवली आणि पुन्हा ठेवून दिली.

"त्या रेश्माच्या घरी जीप आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग मी येतो शनिवार-रविवार. गाडी इथंच ठेवतो," तो म्हणाला. "आईला तूच सांग पण."